मीटर घ्यावा जोडीने



मुक्ताईनगर तालुक्यातून दोघा भावांचे पत्र आले आहे. थोरला गॅरेजमध्ये कामाला आहे, धाकट्याने आयटीआय केले आहे. जुन्या जीपची चासी, भंगारातून घेतलेले डिझेल इंजिन आणि घरच्या अंगणात वेल्डिंग करून उभी केलेली बॉडी अशी एक गाडी ते गेले वर्षभर तयार करीत आहेत. शेतातले खत, पाइप, केळीचे घड वाहायला तिचा उपयोग व्हावा असा विचार आहे. पैसा आईने बचत गटातून उचललेला आहे, तो आता संपत आला आहे. राहिला आहे तो डॅशबोर्ड. धाकट्याच्या मनात एका ओळीत बसवलेले सहा गोल चकचकीत मीटर आहेत. थोरला म्हणतो, एक लाल दिवा पुरे. वडील म्हणतात, "मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर वीस वर्षे चालवला, त्याचे सगळे मीटर बंदच होते, काय बिघडले?" थोडक्या पैशात कोणते मीटर घ्यावेत, असे दोघांनी विचारले आहे.

मीटरच्या आधी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. घरी बांधलेली गाडी आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदली जात नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविता येत नाही. नोंदणीसाठी गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून पास व्हावा लागतो. तो खर्च कारखानदाराचा आहे, आपल्या घरचा नव्हे. जुनी नोंदलेली गाडी घेऊन तिचा सांगाडा बदलणेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केले आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगाराच्या सामानातून एक छोटी जीप बनविली. खर्च साठ हजारांच्या आसपास आला, असे तेव्हा छापून आले होते. मोटारसायकलसारखी पायाने किक मारून ती चालू होत असे. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी लोहारांच्या हिकमतीचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती बंद पाडतील, हेही त्यांनी तिथेच लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. सगळ्यांना बोलेरो लक्षात राहिली, नियमाचे वाक्य कुणाच्या ध्यानात राहिले नाही. त्याच्याही खूप आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनविली होती आणि पुढे कित्येक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. तीही कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. आपल्या मातीत कसब कमी नाही, पण कागद वेगळी गोष्ट आहे. तेव्हा भावांनो, तुमची गाडी शेताच्या बांधाच्या आतच राहील असे धरून पुढचे लिहितो. दोन शेतांच्या मध्ये सार्वजनिक रस्ता लागत असेल तर तो ओलांडतानाही ती रस्त्यावरच आली असे होते. मुक्ताईनगरातून जाणारा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा 53, तिथे तर ती नेऊच नका. अपघात झाला तर विमा नाही, आणि मग बचत गटाचे कर्ज ही सर्वांत लहान काळजी ठरेल.

गाडी शेतातच राहणार म्हटल्यावर एक मीटर आपोआप यादीतून बाद होतो, तो म्हणजे स्पीडोमीटर. गंमत अशी की 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाड्यांना सक्तीचा सांगितलेला मीटर तोच आहे, आणि इंजिनाच्या जिवाशी त्याचा काही संबंध नाही. खताची पोती भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीचा वेग मोजून काय करायचे? हौस असेल तर खिशातला मोबाईल वेग दाखवतो. त्या पैशात तासांचा मीटर घ्यावा. ट्रॅक्टरला असतो तसा, इंजिन किती तास चालले ते सांगणारा. शेतातले इंजिन दिवसभर घुर्रघुर्र करते आणि किलोमीटर मात्र चार-पाचच होतात. किलोमीटर बघून ऑइल बदलायला बसलात तर इंजिन काळे ऑइल पीतच म्हातारे होईल.

आता मुख्य मीटरकडे येऊ. पैसे एकाच मीटरपुरते उरले असतील तर तो ऑइल प्रेशरचा घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिझेल संपले तर गाडी थांबते. बॅटरी उतरली तर धक्का मारता येतो. पण ऑइलचे प्रेशर गेले की क्रँकचे बेअरिंग काही मिनिटांत धरते, आणि मग क्रँक ग्राइंडिंग, नवे बेअरिंग, खोललेल्या इंजिनाची मजुरी असा तो खर्च वाढत जातो. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा पंप किती झिजला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तर हा मीटर नव्या गाडीपेक्षा तुमच्या गाडीला जास्त हवा. गॅरेजात एक ढोबळ हिशोब चालतो, तो असा की गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रेशर असावे. इंजिनाप्रमाणे थोडे कमी-जास्त होते. पहिल्या आठवड्यात गरम इंजिनावर काटा कुठे राहतो ते वहीत लिहून ठेवा. पुढे काटा त्या जागेपेक्षा खाली बसू लागला की समजावे.

हा मीटर दोन जातीचा मिळतो. एक विजेवर चालणारा, दुसरा तांब्याच्या नळीचा. नळीच्या मीटरमध्ये इंजिनातले ऑइल स्वतः मीटरपर्यंत येते आणि आतल्या चपट्या, वाकवलेल्या नळीला सरळ करू पाहते. नळी सरळ होते तसा काटा सरकतो. युजीन बुर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये याचे पेटंट घेतले. आपल्यातल्या अनेक घरांतील आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी, फायरमन होते. वाफेच्या इंजिनात ज्या मीटरवर नजर ठेवून ते कोळसा टाकीत, तो याच नळीचा. आजही दीपनगरच्या वीज केंद्रापासून गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपर्यंत तीच नळी काम करते. तुमच्या वेल्डिंग सेटवर आहेत ते दोन मीटरही त्याच जातीचे.

माझे मत नळीच्या मीटरच्या बाजूने आहे. त्याला बॅटरी लागत नाही, वायरिंगची चूक त्याला खोटे बोलायला लावत नाही, आणि जुन्या बाजारात तो स्वस्त पडतो. मात्र बसविताना काळजी घ्यावी. इंजिन हलते आणि डॅशबोर्ड त्याच्यासोबत हलत नाही, त्यामुळे ताठ बसविलेली तांब्याची नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. म्हणून इंजिनाजवळ नळीला दोन-तीन वेढे द्यावेत. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश घालावा. सायलेन्सरच्या पाइपापासून ती दूर ठेवावी. नळी फुटली तर गरम ऑइल सरळ चालवणाऱ्याच्या पायावर येते.

आट्यांचेही बघावे. ऑइल गॅलरीच्या भोकाला जुन्या गाड्यांत एक अष्टमांश इंचाचे आटे असतात, पण ते दोन मापांचे निघतात. ब्रिटिश मापात इंचाला 28 आटे, अमेरिकन मापात 27. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. हाताने दोन फेरे बसतात, मग अडकते. तिथे पाना लावून जोर केला की भोक खराब झाले, कधी ब्लॉकही तडकतो. म्हणून हाताने जाईल तेवढेच जाऊ द्या. अडकले तर टर्नरकडे अडॅप्टर करून घ्या, त्याची मजुरी ब्लॉकपुढे काहीच नाही.

थोरल्या भावाचा लाल दिवाही बरोबर आहे, फक्त तो एकटा नको. दिव्याचा स्विच प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो. पंप झिजत चालला आहे हे तो महिनाभर आधी सांगत नाही, ते काटा सांगतो. उलट, घडांनी भरलेली गाडी चिखलातून काढताना कुणाची नजर काट्यावर असते? म्हणून एक टी-जोड टाकून दोन्ही बसवा, आणि दिव्याच्या वायरवर रिव्हर्सचा बझर जोडा. मीटर बघावा लागतो, बझर कानावर येतोच.

दुसरा मीटर पाण्याच्या तापमानाचा. आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो हे काही नव्याने सांगायला नको. त्यात ओझे, कमी वेग आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला केळीचा पालापाचोळा. बहुतेक इंजिने 80 ते 95 अंशांवर सुखात चालतात. प्रेशरचे झाकण नीट असेल तर पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही, पण झाकण जुने असेल तर उकळून निघून जाते. इथे एक फसवणूक आहे, ती घरातल्या सगळ्या चालवणाऱ्यांना सांगून ठेवा. मीटरचे युनिट पाण्यात बुडालेले असेल तोवरच खरे सांगते. पाणी निघून गेले की ते कोरडे पडते आणि काटा खाली येतो. चढलेला काटा एकाएकी उतरला की माणसाला हायसे वाटते, आणि नेमके तेव्हाच हेड तापून वाकत असते. काटा असा पडला तर इंजिन बंद करा, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका.

आता या पत्राच्या खऱ्या उत्तराकडे येतो. वर युनिट म्हटले ते इंजिनात किंवा टाकीत बसणारे, ज्याला हल्ली सगळे सेन्सर म्हणतात. विजेवर चालणारा मीटर म्हणजे डॅशबोर्डावरची तबकडी नव्हे. तबकडी आणि युनिट मिळून एक मीटर होतो. तबकडी फक्त एवढेच मोजते की युनिटमधून किती ओहमचा अडथळा येतो आहे, आणि हे ओहम प्रत्येक घराण्याचे वेगळे. डिझेलच्या टाकीचा फ्लोट घ्या. एका जर्मन पद्धतीच्या फ्लोटला टाकी रिकामी असताना 10 ओहम आणि भरल्यावर 180 असतात. अमेरिकन पद्धतीच्या फ्लोटला रिकाम्या टाकीत 240 आणि भरल्यावर 33. म्हणजे दोघांचा हिशोबच उलटा. एकाची तबकडी आणि दुसऱ्याचा फ्लोट लावला की भरलेली टाकी रिकामी दिसेल आणि रिकामी भरलेली. तापमानाचेही तसेच. त्या जर्मन पद्धतीच्या एका युनिटला 40 अंशांवर 290 च्या आसपास ओहम असतात आणि 100 अंशांवर 40 च्याही खाली येतात. दुसऱ्या घराण्याच्या तबकडीला हेच 40 ओहम म्हणजे 80 अंश वाटू शकतात. इंजिन उकळत असते आणि काटा हिरव्या पट्ट्यात. असा मीटर नसलेला बरा. नसला तर माणूस बोनेट उघडून बघतो तरी.

भंगारवाल्याकडे तबकड्यांचा ढीग असतो आणि युनिट इंजिनासोबत कधीच वितळायला गेलेले असते. म्हणून चकचकीत काच बघून हात घालू नका. पहिला प्रश्न, "शेठ, याचे युनिट कुठे?" नसेल तर तबकडी फुकट दिली तरी महाग आहे. भुसावळ-जळगावच्या भंगारात एखादा मोडीत निघालेला ट्रॅक्टर किंवा टेंपो उभा असेल तर त्याचा संपूर्ण मीटर-बोर्ड घ्या, इंजिनातून तापमानाचे युनिट काढून घ्या, टाकीतला फ्लोट काढून घ्या, आणि मीटरमागचा प्लग वीतभर वायरींसह कापून आणा. वायरींचे रंग बघून निम्मे काम सोपे होते. ट्रॅक्टरचा बोर्ड मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. तो उघड्यावर, धुळीत, पावसात उभा राहण्यासाठीच बनलेला असतो, बहुतेकांत तापमान, डिझेल, ऑइलचा दिवा आणि तासांचा आकडा एकाच डब्यात मिळतो, आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. नवाच घ्यायचा झाला तर कोइंबतूरच्या प्रिकॉलसारख्या आपल्याकडच्या कंपन्या ट्रॅक्टर-मोटारसायकलींचे मीटर बनवतात. दुकानदाराकडून तबकडी आणि युनिट एकाच जोडीचे असल्याची खात्री बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या आकड्यांच्या परदेशी सेटबद्दल धाकट्याने खास विचारले आहे. रात्री ते छान दिसतात. पण तुम्ही दुपारी दोनच्या उन्हात काम करणार, तेव्हा ते आकडे दिसणे कठीण, आणि युनिट बिघडले की त्याच्या जोडीचे पुन्हा कुठून आणणार?

बॅटरीसाठी जुन्या जीपमध्ये अँपिअर मीटर असे. तो घेऊ नका. गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्यातून फिरवावा लागतो, म्हणजे जाड वायर डॅशबोर्डापर्यंत आणायची आणि तिथे एखादा नट ढिला झाला की पेटायची भीती. त्याऐवजी व्होल्टमीटर बसवा. शे-दीडशे रुपयांत साधा मिळतो, दोन बारीक वायर आणि एक फ्यूज लागतो. इंजिन बंद असताना 12.6 च्या जवळ आणि चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले की चार्जिंग ठीक आहे असे समजावे.

डिझेलच्या फ्लोटवर पैसे घालू नका, बोर्डासोबत आला तर लावा. नाहीतर टाकीत बुडवायला खुणा केलेली पट्टी चालते. पाच-पाच लिटर ओतत खुणा करायच्या, झाले.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल. त्यांनी वीस वर्षे बंद मीटरचा ट्रॅक्टर चालवला हे खरे, आणि ते कानाने इंजिन ओळखत असणार. तो कान वीस वर्षांत तयार झाला. शिवाय ट्रॅक्टर दुसऱ्याचा होता, इंजिन बसले असते तर ग्राइंडिंगचे बिल मालकाने भरले असते. आता हप्ता आईच्या नावावर आहे. वडिलांना गाडीत बसवा, कानाला वेगळे वाटले की काट्याकडे बघायला सांगा. दोन्ही जुळतात का ते कळेल, आणि त्यांचे ऐकून तुमचाही कान तयार होईल.

तेव्हा तुमच्या पैशांचा क्रम असा लागतो. आधी नळीचा ऑइल मीटर, दिवा आणि बझर. मग तापमान. मग व्होल्टमीटर. पैसे उरले तर तासांचा मीटर, तोही ट्रॅक्टरच्या बोर्डात आयता मिळाला तर उत्तमच. सहा गोल मीटरांची भोके धाकट्याने पत्र्यात आधीच पाडली आहेत, असे पत्रात शेवटी लिहिले आहे. उरलेल्या भोकांत स्विच बसवावेत.

गाडीत बसविण्याआधी एक परीक्षा घरीच घ्या. तापमानाची तबकडी आणि युनिट बॅटरीला जोडून घ्या. युनिटच्या पितळी अंगाला एक वायर बांधून ती बॅटरीच्या मायनसला न्या, कारण गाडीत हे काम इंजिनाचे लोखंड करते. मीटर जुन्या धर्तीचा असेल आणि बोर्डामागे व्होल्टेज उतरवणारी छोटी डबी असेल तर ती मध्ये ठेवूनच जोडा, बारा व्होल्ट थेट दिले तर काटा पुढे पळतो. मग पातेल्यात पाणी तापवा, युनिटचे टोक पाण्यात धरा, वायरचे टोक कोरडे ठेवा. पाणी खळाखळा उकळू लागले म्हणजे शंभराच्या जेमतेम खाली आले. तेव्हा काटा कुठे उभा आहे तिथे काचेवर नेलपॉलिशची लाल रेघ मारा. तबकडीवर आकडे काहीही छापलेले असोत, तुमच्या गाडीचा शंभराचा आकडा तीच रेघ. काटा हललाच नाही तर युनिट बदला, आणि युनिट बसविताना आट्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळू नका, तिने अर्थिंग सुटते आणि चांगला मीटर मेलेला दिसतो. परीक्षेचे पातेले मात्र आईला विचारून घ्या, आणि नंतर ते स्वयंपाकात परत नेऊ नका.